सोबतीचा रंग

"काका, मी तुझ्या पानावर नाहीये."

रविवारची सकाळ, चहाचा पहिला घोट अजून घशाखाली उतरला नव्हता, आणि कोणीतरी माझ्या कामात खोट काढली. अशा वेळी माझं डोकं फिरतं. माझा धंदा वेबसाइटच्या पानांना रंगरूप द्यायचा. मजकूर एकाचा, फोटो दुसऱ्याचे, आणि कशाला कोणता रंग, अक्षर केवढं, कडेला मोकळी जागा किती, हे लिहून ठेवायचं काम माझं. त्याला स्टाइलशीट म्हणतात. ते नीट असलं की कोणाच्या लक्षातही येत नाही आणि बिघडलं की शेंबड्या पोरालाही कळतं.

इथे तर पोरगी शेंबडीही नव्हती. टिटवी तेरा वर्षांची आहे, माझ्या बायकोची पहिल्या लग्नातली मुलगी. पाळण्यात असल्यापासून तिचा आवाज चार घरांपलीकडे जायचा, म्हणून आईने तिला टिटवी केलं आणि खरं नाव शाळेपुरतं उरलं. मी या घरात आलो तेव्हा मला काय म्हणायचं यावर मायलेकींमध्ये बराच खल झाला होता म्हणे. शेवटी काका ठरलं. काका हा शब्द कोपऱ्यावरच्या दुकानदारापासून सख्ख्या चुलत्यापर्यंत कोणालाही बसतो, तसा मलाही बसला. माझी काही तक्रार नव्हती.

"नीट बघ," मी म्हणालो. "पान पुन्हा उघड. चष्मा लाव."

"चष्मा तुला आहे. मला नाहीये."

पान तिच्या पोहण्याच्या क्लबचं होतं आणि ते काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. मला स्वतःला पोहता येत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं बायको त्यावर म्हणाली होती. दर वर्षी क्लबची मुलं या काठापासून त्या काठापर्यंत तलाव पोहून पार करतात. प्रत्येक मुलाच्या बाजूने एक होडी चालते आणि होडीत, वल्ही मारणाऱ्याशिवाय, त्या मुलाचं आपलं असं एक माणूस बसतं. त्याला सोबती म्हणतात. सोबत्याने एक ठळक रंग निवडायचा आणि त्या रंगाचा शर्ट घालून बसायचं. गॉगलवर पाणी, डोळ्यांत ऊन, अशात पोहणाऱ्याला चेहरा दिसत नाही. श्वासासाठी मान वळवली की दिसतो तो फक्त रंग. तो दिसला की मूल पुढचा हात मारतं.

पानावरही तसंच होतं. प्रत्येक मुलाचा एक चौकोन, सोबत्याच्या रंगाचा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत मुलाचं नाव. ज्याला सोबती नाही त्याचा चौकोन नारंगी. नारंगी हा क्लबचा रंग. अशा मुलाच्या होडीत क्लबचा कोणीतरी स्वयंसेवक नारंगी जाकीट घालून बसतो.

टिटवीचा चौकोन लाल नव्हता, निळा नव्हता आणि नारंगीही नव्हता. दोन चौकोनांच्या मध्ये, पडलेल्या दातासारखी, एक रिकामी पांढरी जागा होती.

"जागा आहे," टिटवी म्हणाली. "मीच नाहीये."

पुढच्या रविवारी पोहायचं होतं. मी चहा बाजूला सारला आणि लॅपटॉप उघडला. अशा वेळी पहिला संशय स्वतःवर घ्यावा, असा माझा नियम आहे. मनातल्या मनात मात्र मी जगाला शिव्या देत असतो. त्या रिकाम्या जागेवरून मी माउस ओढला. निळी पट्टी सरकत गेली आणि तिच्यात टिटवीचं नाव उमटलं.

"ही बघ. आहेस की."

"पांढऱ्यावर पांढरी?"

"पांढऱ्यावर पांढरी. नाव जागेवर आहे, मागचा रंग गेलाय."

मग रंग कुठे गेला ते शोधायला मी कोचबाईंची फाइल उघडली. कोचबाई पाण्यात वाघीण आहेत, पण कॉम्प्युटरपुढे बसल्या की अगदी गरीब गाय. पालकांनी फोनवर जे लिहून पाठवलं असेल ते उचलायचं आणि फाइलमध्ये जसंच्या तसं चिकटवायचं, काना नाही की मात्रा नाही बदलायची, हे त्यांचं तत्त्व. मुलाचं नाव, सोबती कोण, रंग कोणता. टिटवीच्या नावापुढे सोबती म्हणून लिहिलं होतं, बाबा. आणि रंग म्हणून लिहिलं होतं, नंतर सांगतो.

मला हसू फुटलं. बाईंनी रंगाच्या जागी चक्क 'नंतर सांगतो' चिकटवलं होतं. मग लक्षात आलं की टिटवी माझ्या खांद्यावरून तेच वाचते आहे, आणि माझं हसू आटलं.

टिटवीचा बाबा वाईट माणूस नाही. हे मला अधूनमधून स्वतःला बजावावं लागतं, पण ते खरं आहे. तो दुसऱ्या गावात राहतो, कार्यक्रमांना माइक आणि स्पीकर लावायचं काम करतो, आज इथे तर उद्या तिथे. मनाने उमदा, बोलायला गोड. येतो म्हणतो तेव्हा त्याला खरोखरच यायचं असतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण वाढतो इतक्या प्रेमाने की पोरीला पोट भरल्यासारखं वाटतं.

मागच्या वर्षीही तो येणार होता. सकाळी, मुलं टोप्या घालून काठावर उभी असताना, त्याचा फोन आला. मग टिटवीच्या होडीत नारंगी जाकीट बसलं. भला माणूस होता तो, चूक त्याची नव्हती. पण तलावाच्या मध्यावर टिटवीने श्वासाला मान वळवली, तिला नारंगी दिसलं, आणि तिने होडीला हात लावला. होडीला हात लावला की संपलं. काठावर मी टॉवेल धरून उभा होतो. ती टॉवेलात शिरली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. टिटवी गप्प बसली यापेक्षा मोठं संकट मी त्या वर्षात पाहिलं नाही.

"पण काका," ती आता म्हणाली, "तूच सांगितलं होतंस ना, कोणी नसेल तर नारंगी येतो म्हणून? मग माझ्याकडे नारंगी पण का नाही आला?"

प्रश्न बिनतोड होता. धंद्यातल्या चांगल्या चांगल्यांना तो पडत नाही.

"असं बघ," मी म्हणालो. "प्रत्येक चौकोनासाठी मी एक डबा ठेवलाय. डब्याचं नाव 'सोबत'. त्याला आम्ही व्हेरिएबल म्हणतो. ब्राउझरला मी सांगून ठेवलंय, सोबत नावाच्या डब्यात जो रंग असेल तो लाव. आणि असा डबाच नसेल तर नारंगी लाव. तो नारंगी म्हणजे फॉलबॅक. अडीनडीचा."

"मग?"

"मग ब्राउझर एवढंच बघतो की डबा आहे का. तुझा डबा आहे. म्हटल्यावर त्याने नारंगी टाकून दिला. मग डबा उघडला. आत रंग नाहीच, नुसती चिठ्ठी, नंतर सांगतो. आता मागे फिरून नारंगी उचलायची सोय नाही. म्हणून तो काहीच लावत नाही."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती दातांची डॉक्टर आहे. कुठे दुखतंय ते तिला दुरूनही कळतं.

"म्हणजे डबाच नसता तर बरं झालं असतं," टिटवी म्हणाली.

"पानापुरतं म्हणशील तर, हो."

"आणि डबा असेल, पण त्यात काही नसेल, तर मागे कोणी उभं असून काही उपयोग नाही."

पानापुरतं ते खरं होतं आणि पानाबाहेरही खरं होतं, आणि मागे कोण उभं आहे हे मला चांगलं माहीत होतं. या घरात आल्यापासून मी बापलेकींच्या मध्ये कडमडायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. शाळेचं स्नेहसंमेलन असो की वाढदिवस, बाबा येणार असेल तर आपण स्वयंपाकघरात. तो आला नाही तर टॉवेल घेऊन आपण आहोतच. याला मी शहाणपण समजत होतो.

"त्यांना फोन करून विचारू या का?" मी म्हणालो. "रंग कळला की मिनिटाचं काम आहे. लाल म्हणाले तर लाल."

"लाल म्हणेल," टिटवी म्हणाली. "आणि लाल येणार नाही."

ती रडत नव्हती. बाहेर ऊन आहे असं कोणी सांगावं तसं तिने ते सांगितलं, आणि मला ते रडण्यापेक्षा जड गेलं.

"माझ्या नावापुढची ती ओळ काढून टाक, काका."

"मी नाही काढणार."

"का?"

"ते तुझे बाबा आहेत. त्यांचं नाव पुसणारा मी कोण?"

ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मीच वर्गातला सगळ्यात ढ मुलगा आहे. मग शेजारच्या खुर्चीवर बसून तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, ओळ शोधली आणि पुसली. एक एक अक्षर करत पुसली, सगळी एकदम नाही. शेवटचं अक्षर गेलं आणि पानावरची ती पांढरी जागा भरून आली. टिटवीचं नाव, पांढऱ्या अक्षरांत, नारंगी चौकोनावर. लख्ख दिसत होतं.

स्टाइलशीटच्या दृष्टीने सगळं बरोबर झालं होतं. टिटवीने चौकोनाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मागच्या वर्षीचाच."

ती उठून आत गेली. दार आपटलं नाही, ते मला जास्त लागलं.

बायको येऊन टिटवीच्या खुर्चीवर बसली. "काखेत कळसा," ती म्हणाली.

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस. तेच म्हणतेय. ती अर्धा तास तुझ्या खांद्याला लागून उभी होती आणि तू तिला डबे समजावून सांगत होतास."

"तिने विचारलं तर मी नाही म्हणेन का?"

"तू विचारलंस कधी?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. दातांच्या डॉक्टरसमोर माणसाचं असंच होतं. मी उठणार तेवढ्यात टिटवी परत आली. तिच्या हातात माझा गुलाबी शर्ट होता.

त्या शर्टाची एक कथा आहे. तो मूळचा पांढरा. आमच्या लग्नाला थोडेच दिवस झाले होते, तेव्हा टिटवीने पोहण्याचा नवाकोरा लाल पोशाख मशीनमध्ये टाकला, त्याच मशीनमध्ये माझा हा शर्ट होता, आणि पोशाखाने आपला रंग दाखवला. शर्ट बाहेर आला तो गुलाबी. तोही धड नाही, कॉलरला गडद आणि पाठीवर ढगाळ. टिटवी तो हातात धरून न्हाणीघराच्या दारात उभी होती. नवा माणूस घरात आलाय, आता हा ओरडणार, ही भीती तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. एरवी मी शर्टाच्या एका डागावरून दिवसभर कुरकुरतो. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, "अरे वा, गुलाबी शर्ट मला किती दिवसांपासून हवाच होता," आणि दुसऱ्या दिवशी तो घालून ऑफिसात गेलो. ऑफिसात माझी काय शोभा झाली ते मी घरी कधी सांगितलं नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी मी तो घालतोच.

टिटवीने तो शर्ट लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरला.

"याचा नंबर काय?"

रंगाला नंबर असतो हे तिला माझ्याकडूनच कळलेलं. मी एक गुलाबी लावून बघितला.

"हा बाहुलीचा गुलाबी आहे. आपला जरा मळका आहे."

"मळका काय म्हणतेस? मुरलेला म्हण."

"मुरलेला. अजून थोडा. आता लाल वाढव. थांब, एवढा नको. कॉलरचा घे, पाठीचा नको, पाठीचा लांबून दिसणार नाही."

आम्ही दोघं शर्ट पुढे-मागे करत बसलो. माझी ट्यूब जरा उशिराच पेटते, हे कबूल करायला हरकत नाही. रंग जुळवायच्या नादात मी विचारलंही, "पण हा कोणाचा रंग लावतोय आपण?"

टिटवीने शर्ट माझ्या मांडीवर टाकला. "शर्ट कोणाचा आहे?"

बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी बोललो ते भलतंच.

"मला पोहता येत नाही."

"तुला पोहायचं नाहीये. बसायचंय."

"मला होडी लागते."

"मग ओक. पण उजवीकडे ओक, मी होडीच्या डावीकडे असते."

तिने स्वतःच त्या फाइलमध्ये रंगाचा नंबर भरला. सोबती कोण, तिथे लिहिलं, काका. चौकोन गुलाबी झाला; मुरलेला, कॉलरचा गुलाबी. इतक्या वर्षांत मी बऱ्याच मोठ्या लोकांची पानं रंगवली आहेत, पण एका चौकोनाकडे इतका वेळ कधी बघत बसलो नाही.

मग तिने बाबाला फोन लावला. मी उठून जायला लागलो तर तिने माझी बाही धरून ठेवली.

"बाबा, तू होडीत नको बसू. होडीत काका आहे. तू पलीकडच्या काठावर ये." तिकडून तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. ती ऐकत होती. "उशीर झाला तरी चालेल," ती म्हणाली. "मलाही वेळ लागणार आहे."

त्या आठवड्यात मी कोचबाईंच्या फाइलचा एक बंदोबस्त करून टाकला. रंगाच्या डब्यात रंगच असला पाहिजे. दुसरं काही टाकलं की चौकोन सरळ नारंगी होईल, कोणाचं नाव पांढऱ्यावर पांढरं होणार नाही. काम छोटं होतं. आधीच करायला हवं होतं.

रविवारी ढग नव्हते आणि वारा होता, म्हणजे माझ्या पोटासाठी दोन्ही वाईट. कोचबाईंनी माझा शर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "तुम्ही तर पलीकडच्या डोंगरावरूनही दिसाल." बायको टॉवेल घेऊन रस्त्याने पलीकडच्या काठाला गेली होती. मी होडीत बसलो, सुक्या टोस्टचा तुकडा चावत, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. होडीवाला म्हातारा मिस्कील होता. "साहेब," तो म्हणाला, "पोहतेय ती, आणि धापा तुम्ही टाकताय."

टिटवी सुरेख पोहत होती. मान वळायची, तोंडाचा अर्धा चंद्र पाण्याबाहेर यायचा, गॉगल माझ्याकडे बघायचा, की पुन्हा पाण्यात. दर वेळी मी हात वर करत होतो. त्याची काही गरज नव्हती, पण न करता राहवतही नव्हतं. मी एकदा उजवीकडे वाकलो, कबूल केल्याप्रमाणे, आणि लगेच पुन्हा तिच्याकडे तोंड करून बसलो.

मध्यावर वारा वाढला. ती थांबली. मागच्या वर्षीची जागा हीच असावी, पाण्यावर खूण नसते, पण मला ते तिच्या तोंडावरून कळलं. ती जागच्या जागी पाय मारत राहिली. होडीची कड तिच्यापासून हातभर होती. होडीवाल्याने वल्ही थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मला तिला हात द्यायचा नव्हता. दिला की संपलं. माझे दोन्ही हात मी काखेत दाबून धरले.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "बाबा आलाय का पलीकडे?"

मी पाहिलं. पलीकडच्या काठावर मुंग्यांएवढी माणसं होती. आलाय, असं म्हणणं सोपं होतं. तिला तेवढ्याने बळ आलंही असतं. पण तिला फसवून पार नेण्यापेक्षा तिने होडीला हात लावलेला मला चालला असता.

"इथून दिसत नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

"आणि नसेल आला तर?"

"नसेल आला तर मी आहे."

एक लाट तिच्या हनुवटीवर आपटली. तिने पाणी थुंकलं. गॉगलमागे डोळे दिसत नव्हते, पण ती माझ्याकडेच बघत होती.

"आणि आला असेल तर?"

"आला असेल तरी मी आहे," मी म्हणालो. होडीवाला उगाचच वल्ह्याकडे बघायला लागला. "तो येवो, न येवो, मी आहेच. मी काही नारंगी नाही."

टिटवीने तोंडावरचं पाणी पुसलं. मग तिची ती चार घरांपलीकडे जाणारी हाक तलावभर गेली.

"मग होडी हलव ना! बसलायस काय नुसता?"

आणि तिने पुढचा हात मारला.